सत्तर घोडे

रुपया तिसऱ्यांदा पडला आणि घरंगळत थेट डॉक्टरांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

मामंजींनी तो उचलला नाही. डॉक्टरांनीही उचलला नाही. इंजिन चालूच होतं. आठ सिलिंडरचं ते अमेरिकन इंजिन इतकं मऊ घुमत होतं की पलीकडे लेथवर काम करणाऱ्या माणसाचा खोकला ऐकू येत होता. शेवटी मीच वाकून रुपया उचलला, पदराला पुसला आणि मामंजींच्या हातात दिला.

"मेस्त्री," डॉक्टर माणगावे म्हणाले, "मी भांडायला आलो नाही. एवढंच सांगा, माझे सत्तर घोडे गेले कुठं?"

मी जेवणाचा डबा घेऊन उभी होते. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या वर्कशॉपशी माझा संबंध डबा आणण्यापुरता होता. डबा ठेवायचा, कालचा रिकामा घ्यायचा आणि इकडंतिकडं न बघता परत फिरायचं. इकडंतिकडं न बघणं मला कधीच जमलं नाही. त्या दिवशी मी मामंजींच्या शेजारी दोन पावलांवर होते आणि रुपया का पडतोय ते मला स्पष्ट दिसलं होतं. पण मी ते कुणाला बोलले नाही.

माझे सासरे ईश्वरा सुतार. सगळं उद्यमनगर त्यांना ईश्वरा मेस्त्री म्हणायचं. शिक्षण चौथी, वय त्रेसष्ट, आणि इंजिनच्या आवाजावरून कुठला वॉल्व्ह आळशी झालाय ते सांगणारा कान. त्यांचा एक नेम होता. नव्यानं बांधलेलं इंजिन सुरू करायचं, त्याच्या वरच्या झाकणावर जुना जाड रुपया कडेवर उभा करायचा. तो शंभर आकडे मोजेपर्यंत उभा राहिला की इंजिन वर्कशॉपच्या बाहेर जाणार, नाहीतर परत खोलणार. तो रुपया किवामाच्या एका डबीत असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. माझ्या नवऱ्यानं लहानपणी एकदा त्या रुपयाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. तो मार त्याला अजून आठवतो.

डॉक्टरांची गाडी म्हणजे एकाहत्तर सालची कॉर्व्हेट. लालभडक, बसकी, लांब नाकाची. डॉक्टर बारा वर्षं अमेरिकेत राहून परत आले ते ही गाडी बोटीत घालून. तिचं इंजिन थकलं होतं. मामंजींनी ते चार महिने खपून नव्यासारखं बांधलं, बाहेर पडताना रुपया शंभर काय, दोनशे आकडे उभा राहिला, आणि डॉक्टर खुशीत गाडी घेऊन जयसिंगपूरला सासुरवाडीला गेले.

घोळ तिथंच झाला. डॉक्टरांचे साडू जिनगोंडा मगदूम, तंबाखूचे व्यापारी. साडूनं अमेरिकेहून गाडी आणली म्हटल्यावर हा गृहस्थ स्वस्थ कसा बसेल? त्यांनी मुंबईहून तसलीच कॉर्व्हेट मिळवली. बहात्तर सालची, निळी. दोन्ही जावई सासऱ्यांच्या दारात गाड्या उभ्या करून गाड्यांची पुस्तकं उघडून बसले. डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं, दोनशे सत्तर घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. मगदूमांच्या पुस्तकात दोनशे. डॉक्टर मिशीत हसले. मग मगदूमांच्या वखारीकडं माळावर चढत जाणाऱ्या रस्त्यावर शर्यत लागली. खासगी रस्ता, सरळ चढ, वर मोकळं पठार. तीनदा पळाले आणि तिन्ही वेळा दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून वर पोचल्या. सासरे मिटक्या मारत डॉक्टरांना म्हणाले, "भूपाल, तुझे सत्तर घोडे वाटंतच चरायला गेले वाटतं!"

तेच सत्तर घोडे मागायला डॉक्टर आले होते. माणूस सज्जन होता, आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "वय झालं की हातून चुकतं, मेस्त्री. माझं पण होतंय. मी शस्त्रक्रिया कमी केल्या." हे त्यांनी मनापासून सांगितलं आणि तेच जास्त लागलं.

त्यावर मामंजींनी इंजिन सुरू करून रुपया ठेवला होता. एकदा, दोनदा, तीनदा.

"गाडी ठेवून जावा," रुपया डबीत टाकत मामंजी म्हणाले. "रविवारी खोलतो. माझ्या हातनं चुकलं आसंल तर नीट करून देतो. पैसा नको. आनि त्यानंतर मी पाना हातात धरनार न्हाई."

संध्याकाळी घरी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट बाजूला सारलं. मामंजींनी ताटात काही टाकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आवो, कोन कुठला डाक्टर," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "चाळीस वर्सं इंजिनं बांधतायसा. एक बोलला म्हनून काय झालं?"

"डाक्टर न्हाई बोलला," मामंजी म्हणाले. "गाडी बोलली. एकाच घाटनीची दोन इंजिनं. एकाला सत्तर घोडे जादा. तरी संगं पळत्यात. मग जादाचे घोडे कुनी खाल्ले? मीच की."

"तुमी काय घोडं खाताय? साधी भाकरी खाईना झालाय."

मामंजी हसले नाहीत. एरवी आत्याबाईंच्या या असल्या बोलण्यावर ते हमखास हसायचे. मला त्या माणसाची फार माया वाटली. माहेरी निघाले की मला न सांगता एसटीत जागा धरून ठेवणारा माणूस, आणि तो आपल्याच हातांकडं असा बघत बसला होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

माझ्या ट्रंकेत तळाशी मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. पहिला वर्ग. आमच्या वर्गात एक्कावन्न मुलगे आणि मी. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मामंजी "बरं हाय" म्हणाले होते आणि विषय संपला होता. तो मी त्या संध्याकाळी उकरून काढला.

"मामंजी, ती दोन्ही पुस्तकं मला बघायला मिळतील?"

"कसली पुस्तकं?"

"गाड्यांची. घोडे लिहिलेत ती."

त्यांनी मान वर केली. "डाक्टरचं गाडीतच हाय. मगदूमाला सांगावा धाडला तर पळत यील, तेवढाच मिरवायला. पन त्यात बगायचं काय? आकडा तर आकडा."

"माझे वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर होते," मी म्हणाले. "तिथं एकाच ट्रॉलीचे दोन आकडे असतात, एक ट्रॉलीसकट आणि एक नुसत्या उसाचा. म्हणून विचारते."

मगदूम खरंच दुसऱ्या दिवशी हजर. निळी गाडी दारात लावून, पांढरी टोपी सारखी करत आत आले. "घ्या की ओ पुस्तक! आमचे दोनशेच हाईत, पर चरायला जाईनात!"

मी वर्कशॉपच्या स्टुलावर बसून दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडली. लेथवरचा माणूस काम थांबवून बघत होता, तिकडं मी लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासात सापडलं. आकड्यापुढं मुंगीएवढ्या अक्षरात एक शब्द होता. डॉक्टरांच्या पुस्तकात 'ग्रॉस'. मगदूमांच्या पुस्तकात 'नेट'. मला कॉलेजातलं एक पान आठवलं, परीक्षेत कधीच न आलेलं. बहात्तर सालापासून अमेरिकेनं घोडे मोजायची रीतच बदलली होती. आधी इंजिन गाडीबाहेर काढून, उघडंबोडकं करून मोजायचे. पंखा नाही, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. मग सगळं लावून, गाडीत जसं असतं तसं मोजायला लागले. इंजिन जवळजवळ तेच राहिलं आणि आकडा धाडकन खाली आला.

मामंजी तोवर गाडीखाली शिरून ऑइल सोडायला निघाले होते. रविवारपर्यंत त्यांना दम निघत नव्हता. मी खाली वाकले.

"मामंजी, खोलू नका. घोडे हरवलेच नाहीत."

त्यांचं डोकं बाहेर आलं. मी सांगितलं. ते उताणेच पडून ऐकत होते. मला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी त्यांचा विश्वासच बसला नाही.

"म्हंजे पंखा काढून मोजलं?"

"हो."

"सायलेन्सर काढून?"

"हो."

"आनि ते घोडे पुस्तकात छापले?" ते उठून बसले. "पोरी, आमच्या उद्यमनगरात पाच घोड्याचं इंजिन म्हंजे हिरीवर पाच घोडे. शेतकऱ्यानं काय पंखा काढून पानी पाजायचं? एवढी मोठी अमेरिका, आनि इंजिनाची कापडं काढून मोजती?"

मगदूम खो खो हसले. मग एकदम गंभीर झाले, कारण त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे माझ्या गाडीत पन कापडं काढली तर जास्तीच घोडे हाईत की!"

"डॉक्टरांना फोन करूया," मी म्हणाले. "हा शब्द दाखवला की झालं."

"न्हाई." मामंजींनी पाना पुसून ठेवला. "कागदानंच घोळ घातलाय. आता दुसऱ्या कागदानं तो निस्तरायचा न्हाई. डाक्टरला वाटंल, मेस्त्रीच्या सुनंनं इंग्रजी वाचून सासऱ्याची बाजू घेतली. गाडी बोललीया. आता गाडीच सांगू दे."

रविवारी सकाळी आम्ही सगळे मगदूमांच्या वखारीच्या रस्त्यावर होतो. दोन साडू, मामंजी, मी, आणि मोटारीचं आयुष्यात कधी काही बघायला न मिळालेल्या आत्याबाई. त्यांनी धपाट्यांचं गाठोडं आणि दह्याचा गडू आणला होता. हवेत तंबाखूचा उग्र वास. लाल गाडी मामंजीच चालवणार होते. गिअर आपोआप पडणारे होते, तेव्हा चालवणाऱ्याच्या कसबाचा प्रश्न नव्हता. पायथ्याला रुमाल हलवायला मगदूमांचा दिवाणजी, वर पठारावर स्टॉपवॉचची घड्याळं. घड्याळं दोन, एक डॉक्टरांचं आणि एक मगदूमांचं, कारण एका साडूच्या घड्याळावर दुसऱ्याचा भरवसा नव्हता. मी वही घेऊन मध्ये उभी.

आधी सगळं जागच्या जागी ठेवून तीन चढ. साडेअठरा सेकंद, अठरा पॉइंट सहा, साडेअठरा. निळीलाही एकदा पळवलं, साडेअठरा. डॉक्टर मान हलवत होते. त्यांच्या दृष्टीनं चूक पुन्हा सिद्ध झाली होती.

मग मामंजींनी रस्त्याच्या कडेला एक पोतं अंथरलं. लाल गाडीचं नाक उघडलं आणि एक एक वस्तू काढून पोत्यावर मांडायला सुरुवात केली. पट्टा. पंखा. एअर फिल्टरचा थाळ्याएवढा डबा. मग गाडीखाली शिरून सायलेन्सरचे दोन लांब पाइप. त्याला दीड तास लागला. डॉक्टर अस्वस्थ झाले.

"मेस्त्री, पंख्याशिवाय इंजिन तापेल."

"ईस सेकंदात कायबी हुत न्हाई. वर गेलो की बंद करतो."

लाल गाडी सुरू झाली तेव्हा आत्याबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. असा आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही. वखारीच्या पत्र्यांवरची सगळी कबुतरं उडाली. रुमाल हलला आणि गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी चढ चढून आली, आमच्या पुढून गेली, पठारावर जाऊन गप्प झाली.

दोन्ही साडूंनी आपापली घड्याळं बघितली, मग एकमेकांची बघितली.

"सतरा," डॉक्टर म्हणाले.

"सतरा आनि वर काटाभर," मगदूम म्हणाले.

इंजिन निवल्यावर पुन्हा एकदा. सतरा पॉइंट एक. मी वहीवर गणित मांडलं, वजन, चढ, वेळ. सत्तरच्या सत्तर घोडे काही सापडले नाहीत, आणि ते मी तसंच सांगितलं. "चढाच्या गणितात थोडं इकडंतिकडं होतं. पण गाडीत तीसेक घोडे तरी वाढलेत. उरलेले कंपनीच्या टेबलावरच राहिले असतील. ते इथं कधी आलेच नव्हते." आणि मग मी दोन्ही पुस्तकं उघडून ते दोन शब्द दाखवले.

मामंजी पठारावरून चालत आले. पोत्यापाशी थांबले आणि पंख्याला पायाच्या अंगठ्यानं हलकेच ढकललं.

"डाक्टर, हे बगा तुमचे घोडे. पोत्यावर पडल्यात. पाहिजे आसतील तर असंच बांधून देतो. पन मग इंजिन तापंल, कान फुटतील आनि गावात पोलीस धरतील."

डॉक्टरांनी पुस्तकातला तो शब्द बोट ठेवून वाचला. मग त्यांनी चष्मा काढला. "मेस्त्री, बारा वर्षं राहिलो तिथं. रोज ही गाडी चालवली. हा शब्द मी एकदाही वाचला नाही." त्यांनी हात जोडले. "वयाचं बोललो ते मागं घेतो."

"ऱ्हाऊ द्या की," मामंजी म्हणाले. "वय तर झालंयच."

सगळ्यांनी वखारीच्या ओट्यावर बसून धपाटी खाल्ली. मगदूम सारखे एकच विचारत होते, आपल्या निळीचा सायलेन्सर कधी काढायचा. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की आता दोन्ही गाड्या सारख्याच आहेत, तेव्हा सासऱ्यांच्या दारात दोघांनी गप्प बसावं. गप्प कोण बसतंय? पुढं दोघं कित्येक वर्षं भांडत होते, कुणाची गाडी एक लिटरला जास्त पळते यावरून. आमच्या वर्कशॉपला त्या भांडणाचा फायदाच झाला. पण त्या दिवशी ओट्यावर मामंजींनी पाचवं धपाटं मागून घेतलं, आणि आत्याबाईंनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मला इतकं बरं वाटलं की माझ्या पहिल्या वर्गाच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मंगळवारी मी डबा घेऊन वर्कशॉपात गेले. लाल गाडीत सगळं परत जागेवर बसलं होतं. पंखा, फिल्टर, सायलेन्सर. डॉक्टर संध्याकाळी न्यायला येणार होते. मामंजींनी इंजिन सुरू केलं. तोच मऊ घुमणारा आवाज.

मी नेहमीसारखा डबा ठेवला, रिकामा घेतला आणि वळले.

"कुठं चाललीस?"

मी थांबले. मामंजींनी किवामाची डबी उघडली आणि रुपया माझ्यापुढं धरला.

"मी?" मी म्हणाले. "त्याला तर कुणी..."

"धर."

लेथ थांबलं होतं. मी पुढं झाले, झाकणावर रुपया कडेवर ठेवला आणि बोटं काढली. रुपया आडवा झाला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला, या वेळी खाली जमिनीवर. एवढं सगळं करून, त्याच इंजिनवर, तोच रुपया.

मामंजी खाली वाकले आणि त्यांनी स्वतः तो उचलला.

"इंजिन बरोबर हाय," ते म्हणाले. "हात कापतोय तुजा."

मी हात पदराला पुसले.

"माजाबी कापत हुता त्या दिवशी," ते हळू आवाजात म्हणाले, लेथवरच्या माणसाला ऐकू जाणार नाही असं. "तू बगितलंस. शेजारीच हुतीस. समद्यांना वाटलं इंजिन गेलं. मलाबी तसंच वाटलं, तू पुस्तक वाचून सांगंपर्यंत. मग कळलं, सुनंनं बगितलंय. आनि डाक्टरच्या म्होरं बोलली न्हाई." त्यांनी रुपया धोतराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घाई न्हाई. दम खा. मग ठेव."

मी दोन श्वास घेतले. रुपया ठेवला, बोटं काढली. तो उभा राहिला. मी मोजायला लागले, आणि माझ्याबरोबर मामंजीही मोजायला लागले, दोघंही पुटपुटत. शंभर झाले, तरी आम्ही थांबलो नाही. दीडशेला कधीतरी त्यांनीच हात पुढं करून रुपया उचलला आणि डबीत टाकला. डबी मात्र खिशात न ठेवता स्टुलावर ठेवली, मी पुस्तकं वाचायला बसले होते त्या स्टुलावर.

"उद्यापासनं दोघांचा डबा आन," ते म्हणाले. "आनि आता हा सोड. भूक लागलीया."